विहिरीचे कुलूप

आमच्या वाडीतल्या विहिरीवर लोखंडी जाळीचे एक झाकण आहे. त्याला एक कडी आहे आणि त्या कडीत आज गंजून घट्ट बसलेले एक पितळी कुलूप लोंबते आहे. त्याची किल्ली आईच्या पेटीत, तिच्या रोझरीच्या डबीत सापडली. आई देवाघरी गेल्यावर तिच्या वस्तू आवरीत असताना ती माझ्या हाती लागली, आणि ते कुलूप आमच्या घरात कोणत्या साली आले व कोणासाठी आले हे मला आठवले. ती आठवण या पानांवर लिहावी की न लिहावी, याचा विचार करण्यात माझी दोन वर्षे गेली. आईविषयी कडवट लिहिण्याचा माझा हेतू नाही. तिने घरासाठी जे केले ते तिच्या जागी कोणीही केले असते. आणि त्यातच खरा प्रश्न आहे असे मला वाटू लागले, म्हणून हे लिहीत आहे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना पाण्याविषयी फारसे सांगायला नको. प्रत्येक वाडीला विहीर, गावाला बावखल, विहिरीवर रहाट आणि रहाटाला बैल. पुढे बैल गेले, इंजिने आली, मग विजेचे पंप आले. केळी, पानवेली, मोगरा, भाजीपाला हे सारे त्या गोड्या पाण्यावर उभे होते. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरीचे पाणी गोड राही, याचे आम्हांला कधी नवल वाटले नाही. पावसाचे गोडे पाणी रेताड जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. ते बेताने उपसले तरच टिकते, हे शास्त्र आम्ही पुढे शिकलो, तेही ते बिघडल्यावर.

या वाड्यांत मालकाबरोबर आणखी एक कुटुंब राबत असे. आमच्याकडे ते जव्हारकडून आले होते. १९७१ साली, दिवाळीनंतर, भाताची कापणी आटोपून एक तरुण जोडपे एक बोचके घेऊन आमच्या दारी उभे राहिले. पहिली काही वर्षे ती दोघे पावसाच्या तोंडावर आपल्या पाड्यावर परत जात. पुढे वर्षभर राहू लागली. वाडीच्या टोकाला पेंढ्याने शाकारलेले एक खोपटे हेच त्यांचे घर. आम्ही त्याला नावाने क्वचितच हाक मारली. तो आमचा ‘जव्हारवाला’ आणि त्याची बायको ‘जव्हारवाली’. त्याचा पाडा आज विक्रमगड तालुक्यात मोडतो, पण त्या वेळी तो जव्हार तालुक्यातच होता. त्याचे खरे नाव मला ठाऊक आहे; परंतु इथे ते लिहिण्याची परवानगी मी त्याच्या घरच्यांकडून घेतलेली नाही.

वडील मुंबईला एका कचेरीत नोकरीला होते. पहाटेच्या गाडीने जात, रात्री परत येत. वाडी सांभाळली ती आईने आणि या जोडप्याने. वडिलांनी एक वही ठेवली होती. तीत दर आठवड्याची मजुरी, सणाला दिलेले कपडे आणि मुख्य म्हणजे ‘उचल’ लिहिलेली असे. उचल म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम. लग्नाला, आजारपणाला, घराच्या कौलांना ती घ्यायची आणि कामातून फेडायची. वडील सज्जन होते. त्यांनी व्याज कधी लावले नाही. पण वहीच्या पानापानावर मागील बाकी पुढे ओढलेली दिसते. एका वर्षी फिटली की दुसऱ्या वर्षी नवी. ठाणे जिल्ह्याच्या याच डोंगरपट्ट्यात लग्नासाठी कर्ज काढून जन्मभर सावकाराकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’ची प्रथा होती, आणि तिच्याविरुद्ध १९४५ साली वारली उठले, हे मी शाळेत शिकलो नाही. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचले तेव्हा मी पस्तिशीचा होतो. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ साली झाला. आमचा जव्हारवाला वेठबिगार नव्हता. तो केव्हाही निघून जाऊ शकत होता. पण जाऊन जाणार कोठे, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही.

१९८७ चा उन्हाळा विहिरीसाठी वाईट निघाला. वसई रोड, नालासोपारा, विरार या स्थानकांभोवती इमारती भराभर उठत होत्या आणि त्यांना नळाचे पाणी पुरेसे नव्हते. आमच्या बाजूच्या काही विहिरींवर टँकर उभे राहू लागले. शेतीपेक्षा पाणी विकण्यात पैसा अधिक होता. हजारो लिटर पाणी एका दिवसात उपसले जाई. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या विहिरीचा तळ दिसला आणि जे पाणी होते त्याला मचूळ चव आली. पानवेली करपल्या. आई हबकून गेली. तिने लोहाराकडून जाळी करून आणली आणि बाजारातून कुलूप आणले. पंप दिवसातून एकदा अर्धा तास चाले. घरावरची टाकी भरे, मग कुलूप लागे. जव्हारवाल्यांच्या खोपटासाठी आईने दिवसाला दोन हंडे ठरवून दिले.

दोन हंडे म्हणजे तीस लिटरच्या आसपास. खोपटात पाच माणसे होती. त्यांतली धाकटी मुलगी दीड वर्षाची. उरलेली गरज त्यांनी बावखलावर भागवावी असे ठरले. त्या दिवसांत बावखलाचे पाणी हिरवे पडले होते. गुरेही तेथेच उतरत. आमच्या न्हाणीघरात मात्र नळ होता. मी त्या वेळी नुकताच शिक्षक झालो होतो, आणि शाळेतून आल्यावर दोन बादल्यांनी अंघोळ करीत असे. हे मला आज आठवते. तेव्हा त्यात आठवावे असे काहीच नव्हते.

मेच्या अखेरीस त्या धाकटीला जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी ती पापणी उचलीना. वडिलांनी रिक्षा केली, दवाखान्यात नेले, सलाईन लावले, सारा खर्च दिला. वहीत तो उचलीखाली लिहिला आहे. पोर शुद्धीवर आली तशी जव्हारवालीने आपले बोचके बांधले आणि पावसाची वाट न पाहता ती मुलांना घेऊन पाड्यावर निघून गेली. दिवाळीनंतर ती परत आली तेव्हा तिच्या कडेवर धाकटी नव्हती. आजीजवळ ठेवली असे ती म्हणाली. आम्ही अधिक काही विचारले नाही. खरे सांगायचे तर विचारण्याचे धैर्य झाले नाही, कारण उत्तर दुसरेच निघाले असते तर काय करायचे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. पुढे १९९२ साली जव्हारमधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या. अन्न नाही, दवाखाना नाही, पावसात रस्ता नाही, म्हणून मुले दगावली होती. त्या बातम्या आमच्या घरी मोठ्याने वाचल्या गेल्या नाहीत.

१९९३ साली जव्हारवाल्याने आमचे काम सोडले. गुडघे धरले होते. वाफे खणणे जमेना. बावीस वर्षांच्या कामानंतर आईने त्याला धोतरजोडी दिली, बायकोला लुगडे दिले आणि वडिलांनी वहीतली शेवटची बाकी माफ केली. त्या काळी यालाच औदार्य म्हणत.

*

इथे थोडे विषयांतर करून वसईच्या त्या दिवसांची आठवण द्यायला हवी. एकोणीसशे ऐंशीचे दशक संपता संपता आपल्या लोकांनी पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी आंदोलन उभारले. २०२४ साली आपल्यातून गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या हरित वसईच्या लढ्यात अग्रभागी होते. आमच्या गावातल्या बायकाही त्या वेळी टँकर अडवायला रस्त्यावर उतरल्या. आईही त्यांच्यात होती. आमचे म्हणणे साधे होते : हे पाणी आमच्या जमिनीखालचे आहे, आमची तहान भागण्याआधी ते दुसरीकडे नेऊ नका. नालासोपाऱ्याच्या इमारतींत राहणाऱ्या माणसांशी आमचे वैर नव्हते. तीही गरजू होती. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इकडे आली होती. पण ज्याच्या अंगणातून पाणी जाते त्याचे अंगण कोरडे पडू नये, हा न्याय आम्हांला स्वच्छ दिसत होता.

हा न्याय फक्त आमच्याच अंगणापुरता आहे काय, हा प्रश्न मला पडायला तीस वर्षे लागली.

मुंबईची तहान ज्या जलाशयांवर भागते त्यांची नावे आपण पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात वाचतो. तानसा १८९२ सालचा, मोडकसागर १९५७ चा, त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ साली पूर्ण झालेला मध्य वैतरणा. मुंबईच्या हद्दीतली विहार व तुळशी ही दोन तळी सोडली तर बाकीचे पाणी ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांतल्या डोंगरांचे आहे. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तेथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. ज्या मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणाचे धरण आहे तेथेही तीच कथा. पाऊस तिथे कमी पडतो असे नाही. वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटरही पडतो. पण जमीन काळ्या कातळाची, उतार तीव्र. पडलेले पाणी काही तासांत नदीला मिळते. मुरायला माती नाही, साठवायला पाड्याजवळ तळे नाही. जे मोठे साठवण बांधले ते खालच्यांसाठी बांधले.

आपल्या वसईचेही काही वेगळे नाही. आज आपल्या नळाला येणारे बरेचसे पाणी सूर्या नदीचे आहे. विक्रमगड तालुक्यात धामणीला धरण आहे. तेथून सोडलेले पाणी कवडासच्या बंधाऱ्यापाशी येते आणि शुद्ध होऊन मोठ्या नळांतून दक्षिणेकडे धावते. मुळात हा प्रकल्प डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीला, म्हणजे प्रामुख्याने आदिवासींच्या जमिनींना पाणी मिळावे म्हणून आखला गेला होता. पुढे शहरे वाढली आणि पाण्याची दिशा बदलत गेली. अलीकडच्या प्रादेशिक योजनेत दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी उचलायचे ठरले : १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरला. जानेवारी २०२४ मध्ये तिच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले. आमच्या नळाचा दाब वाढला आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. विहिरीची आठवणही राहिली नाही.

*

जव्हारवाला २०२१ च्या पावसाळ्यात वारला हे मला तब्बल अडीच वर्षांनी, बाजारात भेटलेल्या त्याच्या गावच्या एका माणसाकडून कळले. आईची किल्ली त्याआधी थोडेच महिने सापडली होती. २०२४ च्या ईस्टरनंतरच्या आठवड्यात मी त्याच्या पाड्यावर गेलो. ज्या माणसाने बावीस वर्षे आमच्या घरी काम केले त्याच्या घरी, आमच्यापैकी कोणीतरी, पहिल्यांदा जात होते.

मनोरवरून विक्रमगडचा रस्ता धरला. शेवटचे दीड-दोन किलोमीटर चालत जावे लागले. मार्गात एका वळणावरून सूर्येचा जलाशय दिसतो. एप्रिल असूनही त्यात भरपूर पाणी होते. उन्हात चकाकत होते. तेथून वर चढून पाड्यात आलो तो हातपंपाचा दांडा निखळलेला, आणि त्याच्याशेजारी नळाची एक नवी निळी नळी जमिनीतून वर आलेली, तोटीसकट. तोटी फिरवून पाहिली. कोरडी होती. एका तरुणाने समजावून सांगितले : योजना झाली, टाकी झाली, प्रत्येक दारी तोटी झाली, पण पाणी खालून वर चढवायचे तर मोटार हवी, मोटारीला वीज हवी आणि विजेचे बिल ग्रामपंचायतीने भरायचे. घरपट्टी व पाणीपट्टी भरू शकणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बिल थकले आणि मोटार थांबली. शहराकडे जाणारे पाणी उतारावरून जाते व वाटेत जेथे चढवावे लागते तेथे लाखो ग्राहकांच्या पट्टीतून खर्च निघतो. पाड्याला मात्र शंभर घरांसाठी डोंगर चढवायचा असतो. यात कोणी दुष्ट नाही. हिशेबच तसा मांडलेला आहे.

त्या हिशेबाचे आकडे मी पुढे मुद्दाम पाहिले. मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी ५५ लिटरचे प्रमाण ठरवले. त्याआधी ते ४० होते. आणि टंचाईत टँकरने द्यायचे पाणी माणशी २० लिटर. माणसाचे शरीर विक्रमगडला लहान आणि वसईला मोठे होत नाही. तरीही कागदावरच एकाच्या वाट्याला १३५ आणि दुसऱ्याच्या वाट्याला ५५. आणि प्रत्यक्षात तेही नाही. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम दिलेला आहे; मात्र कोणाच्या पिण्याला आधी, हे तीत लिहिलेले नाही. आईचे दोन हंडे मला आठवले. पाच माणसांत तीस लिटर म्हणजे माणशी सहा. सरकारचे गणित आमच्या घराच्या गणितापेक्षा उदार आहे, एवढे मान्य केलेच पाहिजे.

जव्हारवाली घरीच होती. कारवीच्या कुडाचे, शेणामातीने सारवलेले जुने घर पडले होते. त्याजागी घरकुल योजनेतले विटांचे घर उभे होते, पण त्याला आतून गिलावा नव्हता. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण घराला सपाट भागात एक लाख वीस हजार आणि डोंगराळ भागात एक लाख तीस हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचे. विटा, रेती, सिमेंट वर चढवून आणण्यातच रक्कम संपली, असे तिने सांगितले. माझ्या पुतण्याने वसईत सदनिका घेतली तेव्हा नुसत्या फरशा बदलायला याहून अधिक खर्च आला होता. विजेचा एक दिवा आढ्याला लोंबत होता. तारापूरची अणुवीज १९६९ पासून आणि डहाणूची औष्णिक वीज १९९५ पासून याच भागातून मुंबईकडे जाते. या घरात पहिला दिवा लागला तेव्हा तिच्या थोरल्या मुलाला मुले झाली होती.

तिला काय म्हणून हाक मारावी हे मला सुचेना. ‘जव्हारवाली’ तर तिच्या दारात उभे राहून म्हणता येईना.

“मावशी, ओळखलंत का?” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ‘तुम्ही’ म्हटले असावे.

“नाय कशी वळखणार दादा? बाय बरी हाय ना?”

आई गेल्याचे मी सांगितले. ती काही वेळ गप्प बसली. मग आत गेली आणि स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन आली. पाणी किंचित गढूळ होते. ओढ्याच्या कोरड्या पात्रात खणलेल्या झिऱ्यातून ते वाटीवाटीने भरून आणतात. पहाटे तीनला गेलेली बाई सहाला हंडा घेऊन येते, हे मला वाटेत कळले होते. माझ्या पिशवीत शुद्ध पाण्याची बाटली होती. पेला माझ्या हातात होता आणि माझ्या मनात त्या धाकटीचे जुलाब होते. मी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. तिने तो उचलला. उरलेले पाणी फेकले नाही; दारातल्या मिरचीच्या रोपाला हळूच घातले.

“तुमच्या बावडीला हाय का पाणी अजून?” तिने विचारले.

“आहे. पण आता आम्ही ते वापरत नाही. नळ आला.”

“असं,” ती म्हणाली. “गोड व्हतं त्या बावडीचं पाणी.”

मग मी, न राहवून, कुलपाविषयी बोललो. आमचे चुकले असे काहीसे म्हणालो. ती हसली. “बायचं काय चुकलं? पाणी संपत आलं का माणूस राखतोच. हितं आमी बायापण झिऱ्यावर पाळी लावतो. दुसरीला दोन वाट्या जास्ती घेऊ देत नाय.” क्षमा मागायला गेलेल्या माणसाला क्षमा इतक्या सहज मिळाली की ओझे हलके होण्याऐवजी वाढले. झिऱ्यावर पाळी लावणारी बाई स्वतःही पाळीत उभी असते. माझी आई आणि आम्ही त्या पाळीत कधी उभे नव्हतो.

धाकटीचे विचारायला मला आणखी अर्धा तास लागला.

“ती? ती तुमच्याकडंच हाय की,” ती म्हणाली. “नालासोपाऱ्याला.”

ती जगली होती. सदतीस वर्षे मी ज्या मरणाची भीती मनात दडवून होतो ते घडलेच नव्हते. मी देवाचे आभार मानले. पण पुढचे ऐकल्यावर तो आनंद पुरता राहिला नाही. धाकटी नवऱ्यासह नालासोपारा पूर्वेला एका चाळीत भाड्याने राहते. नवरा बांधकामावर, ती चार घरची धुणीभांडी करते. चाळ अनधिकृत, त्यामुळे नळजोडणी नाही. पिण्याचे पाणी ती पिंपाच्या हिशेबाने विकत घेते. तिच्या माहेरच्या डोंगरातली नदी तिच्या मागोमाग वसईला आली, तिच्या चाळीवरून पुढच्या इमारतीत गेली; तिच्या दारात मात्र थांबली नाही.

*

परत आल्यावर मी वडिलांची वही काढली. सेवानिवृत्त शिक्षकाला वेळ भरपूर असतो. बावीस वर्षांची मजुरी मी ओळीने मांडली. १९७१ साली दिवसाला तीन रुपये, १९९३ साली पस्तीस. जव्हारवालीच्या कामाची वेगळी नोंदच नाही. जे काही होते ते नवऱ्याच्या नावाखाली.

वडिलांच्या नोकरीला प्रॉव्हिडंट फंड होता. त्या पैशांतून १९९१ साली आमच्या घरावर स्लॅब पडला. त्या स्लॅबची रेती आणि खडी जव्हारवाल्याने डोक्यावरून वाहिली. मी ते पाहिले आहे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ सालचा; पण तो वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. एका जोडप्याला राबवणारी वाडी त्यात येत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आमच्याकडे काहीही बाकी नव्हते. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, २००५ साली केंद्राने वर्षाला शंभर दिवसांच्या कामाचा हक्क देणारा कायदा केला. दोन्ही चांगलेच होते. पण म्हातारपणी गुडघे धरलेल्या माणसाला कामाची हमी काय कामाची? त्याला उभ्या आयुष्यात केलेल्या कामाची काही पुंजी हवी होती. जव्हारवालीला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. ते काढायला विक्रमगडच्या बँकेत जायचे तर जाण्यायेण्यात एक दिवस आणि भाडे जाते.

मालकाचा वाटा आजच्या दराने, म्हणजे बारा टक्के, धरून मी हिशेब केला. बावीस वर्षांची मूळ रक्कम निघाली साडेआठ हजारांच्या आसपास. तिच्यावर आठ टक्के चक्रवाढ व्याज आजपर्यंत धरले तर सुमारे एक लाख ऐंशी हजार. मी दोनदा पडताळून पाहिले. एवढ्या रकमेत आमच्या घरात एका मुलाचे शिक्षणही होत नाही. आणि एवढ्या रकमेअभावी एक म्हातारा शेवटची आठ वर्षे गुडघ्याचे औषध टाळीत राहिला.

लुककृत शुभवर्तमानातली श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांची कथा आपण मिस्सेत अनेकदा ऐकली आहे. त्या श्रीमंताने लाजरसला मारले नाही, हाकलले नाही, शिवीही दिली नाही. तो फक्त आपल्या दारातून रोज येत-जात राहिला. आणि शेवटी त्याने मागितले काय, तर बोटाच्या टोकाएवढे पाणी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सुरक्षित पिण्याचे पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तेव्हा आपल्या धर्मग्रामांतून त्यावर प्रवचने झाली, झाडे लावली गेली. मीही एक आंब्याचे रोप लावले. ते जगले आहे. पण आपण ज्यांचे पाणी पितो त्यांच्या विहिरीत पाणी आहे काय, हे पाहायला कोणी गेले नाही, मीही नाही.

मी कोणाला उपदेश करण्याच्या स्थितीत नाही. तरीही एक गोष्ट मला आता स्पष्ट दिसते. आपण टँकर अडवले तेव्हा जो न्याय मागितला, तोच न्याय धामणीच्या वरच्या पाड्यांसाठी मागायचा अधिकार, आणि जबाबदारी, आपल्यावर येते. शहराला पाणी नको असे नव्हे. पण धरणाच्या काठावरच्या पाड्याची मोटार बंद पडू नये, तिच्या विजेचा भार पाणी पिणाऱ्या शहराने आपल्या पाणीपट्टीतून उचलावा, एवढे तरी आपण आपल्या प्रतिनिधींना विचारू शकतो. आपल्या धर्मग्रामांतील किती घरांत आजही डोंगरातून आलेली माणसे राबतात, त्यांच्या खोपटात नळ आहे काय, त्यांच्या नावाने बँकेत महिन्याला काही पडते काय, हे तर आपल्या हातातलेच आहे. त्याला कायद्याची वाट पाहायला नको.

२०२५ च्या राखेच्या बुधवारनंतर मी पुन्हा त्या पाड्यावर गेलो. भावंडांशी बोललो होतो. एका भावाला ते पटले नाही. तो म्हणाला, मग साऱ्या वसईने असे हिशेब काढायचे का? मी म्हणालो, मला साऱ्या वसईचे ठाऊक नाही, वही आपल्या घरात आहे. बाकीच्यांनी आपापला वाटा दिला.

जव्हारवाली ओट्यावर बसून नाचणी पाखडीत होती. मी बँकेचा धनादेश तिच्या थोरल्या मुलासमोर तिच्या हातात ठेवला आणि रक्कम सांगितली. तिने तो उलटसुलट करून पाहिला. तिच्या तोंडावर आनंद दिसेल अशी माझी समजूत होती. तसे काही दिसले नाही, काळजी दिसली.

“एवढी उचल?” ती म्हणाली. “दादा, मी आता म्हातारी झाली. ही फेडायला कोणाला धाडू? नातू बारावीला हाय.”

मी सांगू लागलो की ही उचल नव्हे, तुमच्या नवऱ्याच्या कामाचे राहिलेले आहे. पुन्हा सांगितले. मुलानेही त्यांच्या बोलीत सांगितले. तिने मान डोलावली. पण धनादेश हातातून खाली ठेवला नाही आणि कनवटीलाही लावला नाही. मी निघेपर्यंत ती तो तसाच धरून बसली होती, आणि मी उतार उतरू लागलो तेव्हा मागून तिने मुलाला पुन्हा तेच विचारलेले मला ऐकू आले : कामावर कधीपासून जायचे म्हणतात?